गाडीचं छत आणि नवरीची वरात

मे महिन्यात अकोल्यातली माणसं सूर्याला घरात येऊ देत नाहीत. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतात, दुपारी रस्ते ओस पाडतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोपऱ्यावर दूध आणायलाही जात नाहीत. आणि त्याच अकोल्यातला माणूस नवी गाडी घ्यायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, "सनरूफ हाये ना?"

या विसंगतीवर माझं घर चालतं.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या विजेच्या कामाचं छोटंसं वर्कशॉप आहे. आधी काही वर्षं एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, मग स्वतःचं टाकलं. हॉर्नपासून हेडलाइटपर्यंत सगळी कामं करतो, पण गेल्या काही वर्षांत सरकत्या छताचं काम इतकं वाढलं, की लोक मला 'टपवाले भाऊ' म्हणूनच ओळखतात. आमच्याकडे गाडीच्या छताला टप म्हणतात. परवा बँकेतल्या बाईंनीही "या, टपवाले भाऊ" म्हणून हाक मारली.

टपाशी आमच्या घराचं नातं तसं जुनं आहे. आम्ही अंजनगाव सुर्जीचे. बाबा दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाला होते. नागवेलीच्या पानांच्या करंड्या एसटीच्या टपावर चढवणं हे त्यांचं काम. मागच्या शिडीने डोक्यावर करंडी घेऊन ते असे चढत, की खाली उभ्या असलेल्या माझाच तोल जाई. त्यांनी मला अमरावतीला शिकायला ठेवलं आणि मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवीचा कागद आलेला तो पहिला. वर्कशॉप पाहायला बाबा आले तेव्हा मी त्यांना एका गाडीचं छत उघडून दाखवलं. त्यांनी डोकं बाहेर काढलं, चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे लोकं पैसे देऊन टपाले भोक पाडून घेतेत, अन् थे बुजवाले तुह्याकडं येतेत? मंग शिक्षण कामी आलं बापा तुयं!"

बाबा आता नाहीत. छत उघडून त्यांना एकदा अंजनगावच्या बसस्टँडवरून न्यायचं राहूनच गेलं.

ज्यांच्या गाडीला असं छत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर एक काच असते. ती दोन बाजूंच्या रुळांवर सरकते. रुळांत दातेरी तारा असतात आणि त्या ओढायला एक लहानशी मोटर. काचेभोवतीच्या रबरातून थोडं पाणी आत येतंच, ते यावं अशीच रचना असते. त्यासाठी आत चारही बाजूंनी पन्हळ असते, आणि कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या ते पाणी गाडीच्या खांबांतून खाली सोडतात. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं. "म्हंजे पानी आत येतेच?" हो, येतं. घराच्या छपरावर पाऊस पडतो तसंच. पन्हळ साफ असली म्हणजे झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काच बंद होताना मध्ये कुणाचं बोट आलं, तर ती चिरडत नाही. अडथळा जाणवला की आपोआप माघारी फिरते. लेकराचं बोट कोणतं आणि चिंचोका कोणता, हे तिला कळत नाही. उघडताना असो की बंद होताना, काही अडलं की ती बोटच समजते. निम्म्या तक्रारींचं मूळ या सावधपणात असतं.

शाळेत आमचे विज्ञानाचे सर प्रयोगाच्या टेबलाजवळ गर्दी झाली की ओरडायचे, "आधी बघा, मग ऐका, मग हात लावा!" मी आजही त्याच क्रमाने जातो.

अमरावतीचे एक वकीलसाहेब आहेत. त्यांनी गाडीत नवी बॅटरी टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून छत अर्ध्यावर येऊन थांबू लागलं. बॅटरीवाल्याने आतलं काहीतरी काढून घेतलं, असा त्यांचा ठाम आरोप होता. मी म्हटलं, "साहेब, काही काढलेलं नाही. वीज तुटली तेव्हा छत आपली हद्द विसरलं. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, ते त्याला पुन्हा शिकवावं लागतं." मी बटण दाबून धरलं. काच पुढे आली, टेकली, किंचित थरथरली, मग आपली आपण पार मागे जाऊन पुन्हा जागेवर आली. "झालं," मी म्हटलं.

साहेब बटणाकडे बघतच राहिले. "हद्द कायम कराले आमच्याकडं दोन-दोन पिढ्या जातेत, अन् तुमी बटन दाबून करून टाकली!"

दुसरे आमच्याच अंजनगावचे हनीफभाई. कापसाचे व्यापारी, मोठा दिलदार माणूस. भर पावसात डोक्यावर टॉवेल टाकून गाडी चालवत आले. "भाऊ, ब्रेक मारला का डोक्यावर धार! मी गाडी चालवू का छत्री धरू? घरवाली बोलती, अपनी पुरानी जीपच अच्छी थी, उसमें पानी बाहर से तो आता था!" पाणी आत येतं म्हणून त्यांनी काचेच्या कडेने कसली तरी चिकट लुगदी थापली होती, त्यामुळे छतही उघडेना. लुगदी खरवडून आत पाहिलं तर नळ्यांच्या तोंडाशी कापूस बसलेला. गाडी जिनिंगच्या आवारात छत उघडं टाकून उभी राहायची. उडणारी रुई पन्हळीत पडली, पाण्याबरोबर नळीत गेली आणि समईत वात बसावी तशी घट्ट बसली. ती हळूहळू ओढून काढली. अशा वेळी हवेचा मोठा झोत मारायचा नसतो, आतली नळी सुटून आली तर पाणी थेट सीटखाली जातं. पहिली वात निघाली तेव्हा हनीफभाई हरखून म्हणाले, "अरे, ये तो अपनाच माल है!"

पण मला सांगायचं आहे ते अकोल्याच्या पल्लवीबद्दल.

तुळशीची लग्नं उरकून लग्नसराई सुरू झाली होती. सकाळीच वसंतरावांचा फोन आला. ते शाळेत शिक्षक, पल्लवी त्यांची धाकटी मुलगी. ती बँकेत नोकरीला. स्वतःच्या पगारातून तिने गाडी घेतली होती, सरकत्या छताची. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं.

"भाऊ, टप उघडून नाई राहिलं. आजच्या आज या. मोठं काम अटकलं."

गाडीचं छत आणि मोठं काम? मूर्तिजापूरला चहा घेऊन मी अकोल्याला पोचलो तेव्हा सगळा उलगडा झाला. पल्लवीची इच्छा होती की घरापासून मंगल कार्यालयापर्यंत आपलीही वरात निघावी. नवरदेव घोड्यावर येतो, तर आपण आपल्या कमाईच्या गाडीतून, छतातून उभं राहून, लोकांना हात करत जावं. बाकी घर तयार होतं. विरोध होता तो फक्त मोठेबाबांचा, म्हणजे वसंतरावांच्या थोरल्या भावाचा. ते गावाकडे शेती करतात. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच वसंतरावांना शिकवलं होतं, त्यामुळे त्या घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. पल्लवीने पुष्कळ हट्ट केला तेव्हा ते म्हणाले होते, "टपातून नवरी? मले पटत नाई. पन तुही मर्जी." आणि हळदीच्या आदल्या दिवशी घरचे सराव म्हणून छत उघडायला गेले, तर ते उघडेचना. त्यावर मोठेबाबा भर मांडवात म्हणाले, "बंद पडलं तं बरंच झालं. देवाच्याच मनात नाई."

मांडवात हळदीची तयारी चालली होती. गाडी अंगणात उभी होती आणि तिच्याभोवती थोरले जावई फिरत होते. ते पुण्याच्या एका कंपनीत कामाला.

"मी मोबाइलवर व्हिडिओ बघितला," ते मला म्हणाले. "रूळ कोरडे पडले होते. मी बदामाचं तेल सोडलंय."

"किती?"

"बाटली."

मी वसंतरावांकडे पाहिलं. त्यांनी आवाज न करता ओठ हलवले, "जावई हायेत." आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. त्याने रुळांत तेलाऐवजी ताक ओतलं असतं, तरी घराने लोट्या भरून दिल्या असत्या. रुळांना तेल चालत नाही, त्यावर धूळ बसून चिकट राप तयार होतो. पण मीही त्या घरचं पाणी प्यायलेलो. म्हटलं, "वास छान येतोय."

तेवढ्यात पल्लवी आली. जुनी पिवळी साडी, हळदीसाठी तयार, पण चेहरा उतरलेला. तिने मला गाडीच्या पलीकडे नेलं.

"भाऊ, कोणी मुद्दाम बंद केलं असंल तं तुमाले समजते का?"

"समजतं. फ्यूज काढला, वायर तोडली, तर लगेच दिसतं. का?"

तिने मांडवाकडे एक नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "काल मोठेबाबा एकटेच गाडीत बसले होते. लय वेळ. मी गेली तं बटनावरचा हात मागं घेतला त्यायनं. त्याच्यानंतर टप उघडलं नाई." तिचे डोळे भरून आले. "वरात नाई निघाली तं चालंल भाऊ. पन त्यायनं असं केलं असंल, तं मले त्यायच्या पाया पडून सासरी जाता येणार नाई. जे असंल थे मलेच सांगा. बाबाले नोका सांगू."

गाडी दुरुस्त करायला आलो होतो, आणि माझ्यावर निवाडा करायची वेळ आली. मोठेबाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, पांढरं धोतर, हाताची घडी. आमच्याकडे बघत होते आणि मी बघितलं की दुसरीकडे बघत होते.

मी सरांचं स्मरण केलं. आधी बघा. फ्यूज जागेवर आणि शाबूत. एकही वायर ओढलेली नाही, बटणाच्या झाकणावर ओरखडा नाही. मनातून मला हायसं वाटलं, पण पल्लवीला एवढ्यावर सांगणं घाईचं होतं. मग ऐका. बटण दाबलं. मोटरचा आवाज निरोगी. काच वीतभर मागे सरकली, कण्हली, आणि परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. म्हणजे काहीतरी मध्ये होतं आणि बिचारी काच त्याला बोट समजत होती.

स्टुलावर चढून, काचेची मागची कड वर उचलून मी टॉर्च मारला. उजव्या रुळाच्या खाचेत तेलाने माखलेली गवताच्या दोरीसारखी एक गुंतवळ लांबवर पसरली होती. चिमट्याने टोक धरून ओढलं. दोरी येतच राहिली. फिक्या, वाळलेल्या काड्या, केसांसारखी मुळं, आणि मध्ये मध्ये फुगून फुटलेले दाणे. मी ती बोनेटवर जुन्या कागदावर ठेवली.

"हे काय, गवत?" जावई म्हणाले. "गाडीत गवत कसं उगवेल?"

सगळे जमले. पल्लवी माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात मागून मोठेबाबा आले. त्यांनी एक काडी उचलली, मुळाशी अडकलेला दाणा नखाने सोलला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"गवत नोहे," ते म्हणाले. "ज्वारी हाये."

"टपात ज्वारी?"

मग वसंतरावच हळूच म्हणाले, "दादा, आखाजीले गाडीची पूजा केली तवा..."

आता सगळ्यांना आठवलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाडी दारात आली. चाकाखाली लिंबू ठेवले, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. पल्लवीने कौतुकाने छत उघडून दाखवलं. आणि मोठेबाबांनी अक्षता टाकल्या. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या, हळदकुंकवात रंगवलेल्या. बाकीच्यांनी चार-चार दाणे टाकले. मोठेबाबांनी दोन्ही मुठी भरून, दाराखालच्या पायटीवर चढून, थेट टपावर उधळल्या होत्या. "पयली गाडी माह्या घरची," असं म्हणत.

तांदूळ असते तर नुसते कुजले असते. टरफल काढलेला तांदूळ उगवत नाही. ज्वारी मात्र वावरातून आणलेली, जिवंत. पावसाळाभर छत बंद राहिलं, पन्हळीत ओल राहिली आणि ज्वारीने आपला धर्म पाळला. वाढायला उजेड नव्हता म्हणून ती रुळातल्या रुळात लांबत गेली आणि पाऊस संपल्यावर वाळली. वर जावईबापूंच्या तेलाने दोर वळला गेला. हा बिघाड मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता. कोणत्या कंपनीने तो आपल्या पुस्तकात लिहिला असेल असंही वाटत नाही.

पल्लवी एकदम म्हणाली, "मंग काल गाडीत बसून तुमी काय करत होते?"

मोठेबाबा गांगरले. "मी? मी पायत होतो."

"काय?"

"तू सीटवर उभी रायशीन ना, चपला काढून. थे सीट पाय कसं गुयगुयीत हाये. गाडीनं धक्का देल्ला तं तू सरकशीन. अन् धराले काय हाये वर, थे पायत होतो. बटन दाबून पायलं, उघडलंच नाई." मग त्यांना उमगलं. "तुले काय वाटलं माय? मी बंद पाडलं?"

पल्लवीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मोठेबाबांचा सदरा हळदीच्या आधीच ओला झाला. तिच्या पाठीवर थोपटत ते माझ्यावरच ओरडले, "पायता काय भाऊ? काढा थे ज्वारी! लेकीची वरात हाये उद्या!"

मांडवात असा हशा पिकला, की आतून आचारी झारा घेऊन बाहेर आला.

पुढचं काम सोपं होतं. रूळ पुसले, तेल काढलं, नळ्या मोकळ्या केल्या, रुळांना लागतं तेवढंच ग्रीस बोटाने फिरवलं. शेवटी छताला हद्द शिकवायची होती. मी मोठेबाबांना आत बसवलं. "बटण दाबून धरा. काही झालं तरी सोडू नका." त्यांनी बैलाचा कासरा धरावा तसं ते धरलं. काच गेली, आली, टेकली, थरथरली.

"शिकलं का थे?"

"शिकलं."

"लवकर शिकते बापा," ते म्हणाले. "आमाले उशीर लागते."

मला अर्थातच परत जाऊ दिलं नाही. हळदीचं जेवण झालं, आणि 'ऐन वेळी टपानं दगा देल्ला तं' म्हणून मुक्कामही झाला. चालत्या गाडीतून डोकं बाहेर काढू नये, मुलांना तर मुळीच उभं करू नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो आणि काहींशी त्यावरून भांडलोही आहे. पण ही वरात निघाली ढोल-ताशाच्या चालीने. पायी चालणारी आजीबाईसुद्धा गाडीच्या पुढे निघून जात होती. पल्लवी छतातून उभी होती, डोळ्यांवर काळा गॉगल, कपाळाला मुंडावळ्या, सीटवर पायाखाली मोठेबाबांनी गावाकडून आणलेलं घडी घातलेलं पोतं. ते सरकत नाही म्हणे. आणि मोठेबाबा स्वतः गाडीच्या बाजूने चालत, फुलं उधळणाऱ्या प्रत्येकावर हात उगारत होते. "टपात नाई! टपात नाई टाकाचं! खाले टाका, पायावर टाका!" बँडवाल्यांपेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता.

यंदा पावसाळा सरला आणि पल्लवी नवऱ्याला घेऊन माझ्या वर्कशॉपला आली. "भाऊ, टप पुन्हा अर्ध्यातून परत येऊन राहिलं."

मी छत उचलून टॉर्च मारला आणि हसायला लागलो. उजव्याच बाजूला, कोपऱ्यात, ज्वारी. थोडी उगवलेली, थोडी तशीच पिवळी.

"हे कसं झालं? वरातीत एक दाणा पडला नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"वरातीत नाई भाऊ," ती म्हणाली. "पाठवणीले. सगळे रडून राहिले होते. मी गाडीत बसली, टप उघडंच होतं. मोठेबाबा पायटीवर चढले अन् वरून माह्या डोक्यावर हात ठेवला. मले वाटलं, नुसता हातच ठेवला."

तिचा नवरा म्हणाला, "घरी गेल्यावर हिच्या केसांतून पण निघाली."

मी चिमट्याने सगळे दाणे वेचले, नळ्या साफ केल्या. कागद चुरगळून टाकणार, तेवढ्यात पल्लवीने हात पुढे केला. न उगवलेले, हळद धरून राहिलेले दाणे तिने निवडून घेतले आणि आरशाजवळचा गॉगल ठेवायचा कप्पा उघडून त्यात ठेवले. गॉगल काढून पर्समध्ये टाकला.

"इथं काही अडकनार नाई ना?"

"नाही," मी म्हटलं. "इथं राहू द्या."

मग बटण दाबून धरलं. काच मागे गेली, पुढे आली, कुठेही अडली नाही. जागेवर बसताना ती किंचित थरथरली, आणि डोक्यावरच्या कप्प्यात ज्वारी हलकेच खुळखुळली.